प्राकारातील दिवे आणि घड्याळाची आज्ञा



दौलतराव शिंदे यांच्या छावणीतून १८१० च्या सुमारास ग्वाल्हेरचे लष्कर वसले. तेथे महाराज बाड्यालगत गोरखी हा शिंदे घराण्याचा जुना वाडा आहे आणि त्यातील देवघरात दसऱ्याचे पूजन होते. आपल्या देवस्थानांच्या विचारात ते दूरचे स्थळ आणण्याचे कारण सूर्यास्त हे होय.

गोरखीत जूनअखेरीस सूर्य सव्वासातच्या आसपास मावळतो, डिसेंबरच्या आरंभी साडेपाचच्या सुमारास. अंतर पावणेदोन तासांचे. आपल्या फोंड्यात हेच अंतर सव्वा तासाच्या आत राहते. म्हणून एकदा लावलेला टायमर वर्षभर तसाच ठेवण्याची सवय येथे खपून जाते. गोरखीत ती खपणार नाही. जूनमध्ये सव्वासातवर लावलेली कळ दसऱ्याला तशीच राहिली, तर संधिप्रकाशाची घटका संपल्यावरही जवळजवळ तासभर भाविक अंधारात पायऱ्या चढतील. अक्षांश व रेखांश सांगितल्यावर सूर्यास्ताची वेळ स्वतः काढणारे टायमर आता मिळतात. प्रकाश पाहून चालणारा डोळा स्वस्त खरा, परंतु त्याच्यावर दिव्याचाच उजेड पडला की तो दिवा मालवतो आणि अंधार पडताच पुन्हा लावतो. पारा, सोडियम वा मेटल हॅलाइडच्या दिव्यांना हा खेळ सोसत नाही.

कारण हे दिवे वायूतील विद्युत्विसर्गाने पेटतात. पूर्ण तेजाला येण्यास त्यांना काही मिनिटे लागतात. आणि तापलेला दिवा विझला, तर आतील दाब उतरेपर्यंत तो पुन्हा पेट घेत नाही. सोडियमला मिनिट-दोन मिनिटे पुरतात, मेटल हॅलाइडला दहा मिनिटेही लागू शकतात. पालखी बाहेर पडताना वीज क्षणभर गेली, तर हा अंधार टळत नाही. म्हणून पायऱ्यांपाशी व दीपस्तंभाजवळ एखाद-दुसरा तत्काळ पेटणारा दिवा असावा.

टायमर जळण्याचे कारण बहुधा हिशेबात सापडते. २५० वॉटचे दहा सोडियम दिवे म्हणजे अडीच हजार वॉट, अर्थात अकरा अँपियर. सोळा अँपियरचा टायमर भरपूर झाला, असे वाटते. परंतु चोकमुळे प्रत्येक दिवा सुमारे तीन अँपियर ओढतो, म्हणजे एकूण तीस. कपॅसिटर बसविल्यास हा आकडा निम्म्याहून खाली येतो, पण कळ जुळताच कपॅसिटर क्षणभर मोठा झोत खेचतो. त्या ठिणगीने टायमरचे स्पर्शबिंदू चिकटतात आणि दिवे भर दुपारीही जळत राहतात. टायमरवरचा आकडा साध्या तापणाऱ्या भारासाठी असतो, हे विक्रेता क्वचितच सांगतो. टायमरने फक्त आज्ञा द्यावी. भार कॉन्टॅक्टरने उचलावा. आज्ञेचा तो प्रवाह अगदी अल्प असतो. २०१५ पासून सरकारी कार्यक्रमाने रस्त्यांवर एलईडी दिवे आले, त्यांनाही हाच नियम लागू आहे, कारण त्यांचा आरंभीचा झोतही मोठा असतो.

वीज वारंवार जाणाऱ्या ठिकाणी साध्या मोटारीवरचे घड्याळ तेवढा वेळ मागे पडते. बॅटरीचा साठा असलेले घ्यावे, आणि वीज परतल्यावर काही मिनिटे थांबून दिवे जोडणारी विलंबकळ लावावी. हाताने दिवे लावण्याची एक कळ मात्र राहू द्यावी आणि पेटीची किल्ली पुजाऱ्यांपाशीही असावी. जत्रेच्या रात्री वायरमन शोधत फिरण्याची वेळ येऊ नये.