क्रीडानगरींतील चार घास

सहलीस निघालेल्या कुटुंबांत कलह नेमका केव्हां उद्भवतो हें पाहूं गेल्यास बहुतेक वेळां दुपारचे साडेबारा वाजलेले आढळतात. मुलें भुकेनें कुरकुरत असतात, वडील खिसा चाचपीत असतात, आई ‘मला कांहींही चालेल’ असें म्हणते, आणि समोरची रांग हालत नाहीं. ज्या स्थळांना आज थीम पार्क म्हणतात, त्या क्रीडानगरींत तर हा प्रसंग रोज येऊं शकतो. म्हणून तेथील जेवणाचा विचार निघण्यापूर्वीं घरींच बसून करणें शहाणपणाचें ठरतें.

अशा नगरींचा प्रसिद्ध नमुना म्हणजे वॉल्ट डिस्ने यांनीं १९५५ सालीं कॅलिफोर्नियांतील ॲनाहाइम येथें उघडलेलें डिस्नेलँड. त्याहून कितीतरी विस्तीर्ण असें वॉल्ट डिस्ने वर्ल्ड त्यांच्या निधनानंतर, १९७१ सालीं, फ्लॉरिडांत ऑर्लँडोजवळ सुरू झालें. त्याचा विस्तार सुमारें ४० चौरस मैल असून त्यांत चार स्वतंत्र उद्यानें आहेत. तेथें ‘जरा बाहेर जाऊन जेवून येऊं’ असें म्हणणें सोपें. पण जाण्यायेण्यांतच दुपार संपते. त्यांतून फ्लॉरिडाचा उन्हाळा उष्ण व दमट, आणि दुपारीं गडगडाटासह सरी कोसळण्याचा संभव.

समजा, पुण्याचें एक कुटुंब तेथें निघालें आहे. पतिपत्नी, अकरा वर्षांची मुलगी, सहा वर्षांचा मुलगा आणि आजी. आजी शाकाहारी असून मधुमेहासाठीं गोळ्या घेतात. या पांच जणांपुढें तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग जेवणाचे पैसे आगाऊ भरण्याचा. डिस्नेच्या स्वतःच्या हॉटेलांत उतरणाऱ्यांसाठीं अशी योजना २००५ सालीं निघाली. २०२० सालीं महामारीच्या वेळीं ती बंद पडली व २०२४ सालीं पुन्हां सुरू झाली. रोज हिशेब नको, हा तिचा मोठा गुण. परंतु खोलींतील तीन वर्षें व त्यापुढील वयाच्या प्रत्येकाला ती घ्यावी लागते, आणि दहा वर्षांपासून पुढें प्रौढांचा दर पडतो. म्हणजे अकरा वर्षांची चिमणीच्या भुकेची मुलगी आणि दोन घास खाणाऱ्या आजी या दोघींचे पैसे धडधाकट पुरुषाइतकेच. शिवाय मांसाचा महागडा पदार्थ घेतला काय आणि भाजीचा घेतला काय, योजनेंतून खर्ची पडणारें जेवण एकच. तेव्हां शाकाहारी कुटुंबाला तींत लाभ कमी. सर्वांना भरपूर भूक असेल व हिशेबाचा कंटाळा असेल त्यांनींच ती घ्यावी.

दुसरा मार्ग शिदोरीचा. पुष्कळ क्रीडानगरींत बाहेरचें अन्न नेऊं देत नाहींत; येथें मात्र, गरम करावें लागत नाहीं असें खाणें नेण्यास मुभा आहे. काचेचीं भांडीं व मद्य तेवढें चालत नाहीं. पेयें देणाऱ्या दुकानांत मागितल्यास बर्फाच्या पाण्याचा पेला फुकट मिळतो. भारतांतून जाणाऱ्यांनीं मात्र लक्षांत ठेवावें कीं, अमेरिकेंत शिरतांना जवळचे खाद्यपदार्थ जाहीर करावे लागतात, आणि ताजीं फळें व मांस यांना बहुधा प्रवेश मिळत नाहीं. फळें, दूध, पाव हें सर्व तेथें उतरल्यावर घ्यावें.

तिसरा मार्ग तेथेंच विकत घेण्याचा. झटपट मिळणारें खाणें दूरध्वनीच्या पडद्यावरून आधीं मागवितां येतें. बसून जेवण्याच्या जागा ६० दिवस अगोदरपासून राखतां येतात. नामांकित जागा ऐनवेळीं मिळणें कठीण.

सुज्ञ कुटुंब यांपैकीं एकालाच धरून बसत नाहीं. न्याहारी खोलीवर उरकावी, म्हणजे उद्यान उघडतांना, गर्दी कमी असतां, आंत शिरतां येतें. दुपारचें खाणें अकराच्या सुमारास, बारांची झुंबड उडण्यापूर्वीं घ्यावें. चार वाजतां शिदोरी सोडावी. आणि दिवसांतून एकदां, बहुधा सायंकाळीं, सर्वांनीं एका टेबलाभोंवतीं सावकाश बसावें. पैसे खर्चायचे ते या एका जेवणावर.

आतां आजींविषयीं. मधुमेहाच्या कांहीं गोळ्या अशा असतात कीं, जेवण लांबलें म्हणजे रक्तांतील साखर एकदम उतरते. घाम येतो, हात कापतात, भोंवळ येते. पाळण्याच्या रांगेला याची जाणीव नसते. ‘माझ्यासाठीं कोणी थांबूं नका’ असें आजी म्हणणारच. पण त्यांचें तें एकच वाक्य कुटुंबानें ऐकूं नये. निघण्यापूर्वीं डॉक्टरांना विचारून त्यांच्या जेवणाच्या वेळा ठरवाव्या, त्यांच्या वेळेवर सर्वांचें घड्याळ लावावें, आणि साखरेची पुडी त्यांच्या स्वतःच्या पिशवींत असावी, मुलाच्या नव्हे. कारण मुलगा नातवाबरोबर पाळण्यांत बसलेला असेल.

राहिली घरची गृहिणी. वर्षभर प्रत्येकाच्या भुकेची वेळ तिनेंच सांभाळलेली असते. सहलींतही डबे, पिशव्या आणि ‘कोणाला काय हवें’ हें तिच्याच गळ्यांत पडलें, तर तिची सुट्टी झाली कोठें? यास्तव बेत ठरवितांना पहिला प्रश्न तिला विचारावा, आणि ‘मला कांहींही चालेल’ हें उत्तर मान्य करूं नये. न्याहारीचें काम वडिलांनीं घ्यावें, शिदोरीची पिशवी मुलीनें. सायंकाळीं आयतें, वाफाळलेलें ताट तिच्यापुढें यावें, आणि तें निवण्यापूर्वीं तिला कोणीं उठवूं नये.