ऑक्सिमीटरला न दिसणारा श्वास

कोरोनाच्या साथीत ऑक्सिमीटर घराघरांत पोचला. बोटाला लावला, ९६ दिसले, की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. अतिदक्षता विभागातला डॉक्टर म्हणून मला आज एवढंच सांगायचं आहे, की रक्तात ऑक्सिजन पोचतो आहे का, इतकंच त्या आकड्यावरून कळतं. कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आहे का, ते कळत नाही. मास्कने ऑक्सिजन चालू असेल तर हा दुसरा बिघाड कित्येक तास लपून राहतो.

या लपलेल्या बिघाडाची एक जुनी गोष्ट सांगतो. कोपनहेगनमध्ये १९५२ साली पोलिओची भीषण साथ आली. ब्लेग्डाम रुग्णालयात श्वास लुळा पडलेल्या पहिल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. त्यांच्या रक्तात बायकार्बोनेट वाढलेलं दिसे, म्हणून रक्त अल्कधर्मी झालं आहे असा समज होता. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने नेमकं उलट निदान केलं. श्वास अपुरा पडतो आहे, कार्बन डायऑक्साइड साठतो आहे आणि रक्त आम्लधर्मी होतं आहे! २७ ऑगस्टला १२ वर्षांच्या एका मुलीच्या गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत नळी बसवण्यात आली आणि त्याने रबरी पिशवी हाताने दाबून श्वास दिला. साठलेला वायू उतरला. मग तिला छातीवर बसवायच्या श्वसनयंत्रावर ठेवलं, तसा तो चढला. यापेक्षा स्वच्छ पुरावा मला वैद्यकात फारसा आठवत नाही. पुढे वैद्यकीय शाखेचे सुमारे १,५०० विद्यार्थी पाळ्या लावून, रात्रंदिवस पिशव्या दाबत बसले. मृत्यूचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं.

आज हेच निदान मनगटाजवळच्या धमनीतून काढलेल्या थोड्याशा रक्तावर काही मिनिटांत होतं. ऑक्सिजनचा दाब ६० मिलिमीटरच्या खाली गेला, तर बिघाड बहुधा फुप्फुसात असतो. न्यूमोनिया, फुप्फुसात साचलेलं पाणी. कार्बन डायऑक्साइड ४५च्या वर आणि पीएच ७.३५च्या खाली, म्हणजे छातीचा भाताच थकला आहे.

चुलीच्या धुरात आयुष्य काढलेल्या आपल्याकडच्या कितीतरी बायकांना सीओपीडी, म्हणजे श्वासमार्ग अरुंद करणारा फुप्फुसांचा जुनाट आजार असतो. त्यांचा दम वाढला की नातेवाईक ऑक्सिजनचा नॉब फिरवायला धावतात. तसं करू नका. या रुग्णांसाठी ऑक्सिमीटरवर ८८ ते ९२ हेच लक्ष्य ठरवलेलं असतं. भरमसाट ऑक्सिजनने कार्बन डायऑक्साइड आणखी चढतो. त्यांना खरी मदत बायपॅपची होते. घट्ट मास्कमधून हवा आत ढकलली जाते, थकलेल्या स्नायूंना विसावा मिळतो. तासा-दोन तासांनी रक्त पुन्हा तपासायचं. पीएच सुधारत नसेल, तर नळी घालून व्हेंटिलेटर लावायला उशीर करायचा नाही.

आणि रुग्ण गुंगीत जाऊ लागला, असंबद्ध बोलू लागला, तर 'झोप लागली असेल' म्हणून थांबू नका. आकडा ९८ असला, तरी सिस्टरना लगेच बोलवा.