सुधाकराला कोणीं बुडविलें?

नवी मुंबईंत वाशी येथें जें नाट्यगृह आहे, त्यास विष्णुदास भावे यांचें नांव दिलें आहे. भावे यांनीं 1843 सालीं सांगलीस, चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयानें, 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणलें, व तेथून मराठी नाटकाचा इतिहास मोजण्याचा प्रघात पडला. त्या पद्धतीच्या पौराणिक नाटकांत दुष्ट कोण हें ओळखण्यास प्रेक्षकांना मुळींच आयास पडत नसत. राळेचा भडका उडे, 'अललडुर्र' अशी आरोळी होई, आणि तोंड रंगविलेला राक्षस तलवार परजीत रंगभूमीवर उडी घेई. दुष्टपणा बाहेरून येई, आणि राक्षस पडला म्हणजे तोही संपे. श्रोतेहो, हा राक्षस पुढें मराठी नाटकांतून दिसेनासा झाला. तो गेला कोठें, हाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम तो माणसाचा वेष घेऊन घरांत शिरला. 1890 सालीं गोविंद बल्लाळ देवल यांनीं शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'वरून 'झुंजारराव' रचलें. त्यांतील जाधवराव झुंजाररावाच्या कानाशीं लागतो, आणि तो शूर पण भोळा पुरुष आपल्या निरपराध पत्नीचा, कमळजेचा, घात करतो. येथें आरोळी नाहीं, कुजबूज आहे. तरीही वाईट करविणारा एक निराळा मनुष्य शेजारीं उभाच आहे, आणि प्रेक्षकाचा सर्व राग त्याच्यावर निघून जातो. संशयाचें बीं रुजण्याजोगी जमीन झुंजाररावाच्या मनांत आधींपासून होती कीं काय, असें फार थोडे विचारतात.

हा स्वभाव जुनाच आहे. कैकेयीनें राज्य मागितलें, तर दोष मंथरेचा. वाल्मीकींची कैकेयी रामाच्या अभिषेकाची वार्ता ऐकून प्रथम मंथरेला अलंकार बक्षीस देते, इतकें तिचें मन निर्मळ होतें. तें मंथरेनें फिरविलें. पुढें अध्यात्मरामायणानें मंथरेलाही सोडविलें. देवांनींच सरस्वतीला तिच्या ठायीं प्रवेश करावयास लाविलें, असें तेथें सांगितलें आहे. दोष असा एकाच्या दारांतून दुसऱ्याच्या दारांत सरकत अखेर स्वर्गांत जाऊन पोंचतो! संतांनीं मात्र काम-क्रोधांना अंतःकरणांतच बसविलें. पण गंमत अशी कीं, त्यांनाही नांव मिळालें तें 'रिपु', म्हणजे परक्याचेंच.

राम गणेश गडकरी यांचें 'एकच प्याला' या दृष्टीनें पुन्हां पाहण्यासारखें आहे. 23 जानेवारी 1919 रोजीं गडकरी सावनेर येथें वारले, आणि त्याच सालीं गंधर्व नाटक मंडळीनें हें नाटक रंगभूमीवर आणलें. बालगंधर्व सिंधू झाले, गणपतराव बोडस सुधाकर. कथा सर्वांच्या परिचयाची आहे. सुधाकर हा बुद्धिमान वकील. भर कोर्टांत मुनसफाशीं खटका उडून सहा महिन्यांकरितां त्याची सनद जाते. तें दुःख विसरण्यासाठीं तळीराम त्याच्या हातीं पहिला प्याला देतो. पुढें घर धुऊन निघतें. सिंधू लोकांचें दळण दळून दिवस काढते. नवऱ्याच्या मारानें तान्हें मूल जातें, आणि मागोमाग तीही जाते.

मराठी भाषेनें या खटल्याचा निकाल केव्हांच देऊन टाकला आहे. दारुड्याला लोक 'तळीराम' म्हणतात. वर्तमानपत्रांत तर तें सामान्यनामच होऊन बसलें आहे. कोणा दारुड्याला 'सुधाकर' म्हटलेलें ऐकूं येत नाहीं. प्याला पुढें करणारा गुन्हेगार ठरला, आणि तो रिकामा करणारा दयेस पात्र झाला. घरोघरीं हाच न्याय चालतो. मुलगा व्यसनी झाला म्हणजे आई त्याच्या मित्राला बोल लावते. मित्राला घर बंद होतें, आणि मुलगा दुसरा मित्र शोधतो.

परंतु हा निकाल गडकऱ्यांचा नव्हे. नाटकांतील भगीरथाकडे पाहावें. प्रेमांत निराश होऊन तोही पिऊं लागला. तोही तळीरामाच्या आर्य मदिरा मंडळांतलाच. संगत तीच, बाटली तीच. तरी रामलालच्या उपदेशानें तो सावरतो. सुधाकराला तोच रामलाल जिवलग मित्र म्हणून लाभलेला, सिंधूसारखी पत्नी घरीं, आणि तो मात्र सावरत नाहीं. तळीराम हेंच एक कारण असतें, तर दोघांच्याही जन्माचें फळ सारखेंच निघावयास हवें होतें. भेद आहे तो सुधाकराच्या मानीपणांत. अपमान गिळणें त्याला जमत नाहीं. चार लोकांनीं आपल्याला खालीं आलेलें पाहिलें, हें त्याला सोसवत नाहीं. प्याला हातीं येण्यापूर्वींच त्याचा तोल गेलेला आहे. आजचें वैद्यक व्यसनाला रोग मानतें व त्याच्या कारणांत आनुवंशिकतेलाही स्थान देतें. तेव्हां शंभराव्या प्याल्याबद्दल त्याला दोष देतांना जीभ अडखळावी, हें योग्यच. पहिल्या प्याल्याची गोष्ट निराळी. त्या वेळीं तो रोगी नव्हता.

याहूनही सूक्ष्म काम रामलालचें आहे. हा नाटकांतला सज्जन. दारूला न शिवलेला. सुधाकराची बालविधवा बहीण शरद हिला तो लेकीप्रमाणें शिकवितो, आणि शिकवितां शिकवितां त्याचें मन तिच्यावर जातें. भगीरथाचें तिच्यावर प्रेम आहे हें पाहून त्याला मत्सर वाटतो. रामलालच्या शेजारीं कोणता तळीराम होता? कोणीही नाहीं. प्याला नाहीं, मंडळ नाहीं, अपमानही नाहीं. जें आलें तें त्याचें त्याच्यांतूनच आलें. त्यानें तें वेळीं ओळखून आवरलें, इतकेंच. हें उपकथानक कंटाळवाणें म्हणून जो गाळील, त्यानें नाटकाचा अर्धा अर्थ गाळला असें समजावें.

विजय तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल'नें 1972 सालीं हा प्रश्न पुन्हां अवघड करून ठेवला. परप्रांतांतून एक ब्राह्मण पुण्यास येतो. त्याच्यावर चोरीचा आळ येतो, मार खाऊन त्याला शहराबाहेर जावें लागतें, आणि तो सूडाची प्रतिज्ञा करतो. येथें दुष्टपणा उघड उघड गांवानें घडविला, आणि त्याला अधिकार दिला तो नाना फडणविसांनीं, कारण असा मनुष्य त्यांना सोयीचा होता. इतिहासांतील घाशीरामाला 1791 सालीं पुण्याच्या लोकांनीं दगडांनीं ठेचून मारलें. नाटकांतही तो लोकांच्या हातूनच मरतो, आणि नाना व गांव दोघेही हात झटकून मोकळे होतात. भावे यांच्या राक्षसाप्रमाणेंच घाशीराम पडला कीं सारें निर्मळ झालें, असा तो देखावा आहे, आणि तेंडुलकरांना तो खोटा ठरवावयाचा आहे. एवढें असूनही एक गोष्ट गांवानें त्याच्याकडून करविलेली नाहीं. कोतवाली मिळावी म्हणून पोटची मुलगी, ललितागौरी, तो नानांच्या स्वाधीन करतो. हा सौदा सुचला तो त्याचा त्यालाच.

सुधाकराच्या बाबतींतही अखेरीस सुचविणारा कोणी उरत नाहीं. शेवटच्या अंकांत विष कालविलेला प्याला तो स्वतःच्या हातानें ओठांस लावतो. तळीराम त्यापूर्वींच मेलेला आहे.