वस्तादाचे नाव दारावर
(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



गेल्या उन्हाळ्यातील गोष्ट आहे. शाळा सुटल्यावर मैदानात मी आठ-दहा मुलांना लाठीचे हात शिकवीत होतो. एका मुलाचे वडील कुंपणापाशी येऊन उभे राहिले. ते माझ्याहून वडीलधारे. मी त्यांना चाचा म्हणतो. त्यांनी मुलाला हाक मारून बाहेर बोलावले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "सर, तुमच्याबद्दल तक्रार नाही. पण दिवस कसे आहेत ते तुम्ही बघताच. आमच्या पोराच्या हातात काठी दिसली, तर बघणारा खेळच बघेल असे नाही. त्यापेक्षा त्याला गणित शिकवा."

त्या दिवशी माझ्याजवळ उत्तर नव्हते. चाचांची भीती खोटी नव्हती, आणि ती एकट्या चाचांची नाही, हेही मला ठाऊक आहे. आपल्यापैकी अनेकांनी ती मनात ठेवली असेल. त्यांनी ती बोलून दाखविली इतकेच. म्हणून आज सर्वांसमक्ष उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

त्यासाठी आपल्याला चंदगडाहून थेट बडोद्याला जावे लागेल. बडोदे गुजरातेत असले तरी तेथील गायकवाड घराणे मराठी, आणि संस्थानात मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने होती. महाराजा सयाजीराव गायकवाड यांचे नाव आपण शाळेत शिकतो. १९०६ साली त्यांनी आपल्या सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. त्याच वर्षी आपल्या राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात मुसलमान मुलांच्या शिक्षणासाठी संस्था उभी केली. दोघेही राजे विद्येचे भोक्ते आणि दोघेही कुस्तीचे शौकीन. पुस्तक आणि लाल माती यांत वैर आहे, असे त्यांना कधी वाटले नाही.

त्या बडोद्यात जुम्मादादा नावाचे एक मुसलमान वस्ताद होते. त्यांचा आखाडा होता. त्यांच्या हाताखाली एक हिंदू मराठी तरुण तयार झाला. पुढे तो राजरत्न प्रोफेसर माणिकराव या नावाने देशभर ओळखला गेला. कुस्ती, मल्लखांब, लाठी आणि जुनी शस्त्रविद्या यांत माणिकराव पारंगत झाले. वस्तादांच्या पश्चात आखाडा त्यांच्याकडे आला आणि त्यांनी त्याची मोठी संस्था केली.

पालकहो, आता दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे, अशी माझी विनंती आहे. पहिली गोष्ट वस्तादांची. शेख सादी यांच्या 'गुलिस्तान'मध्ये एका पहिलवानाची कथा आहे. त्याला तीनशे साठ डाव येत होते. शिष्याला त्याने तीनशे एकोणसाठ शिकविले आणि एक राखून ठेवला. पुढे तो शिष्य गर्वाने फुगून वस्तादावरच उलटला, तेव्हा त्या राखलेल्या डावाने वस्तादाने त्याला चीत केले. कथा ऐकताना आपल्याला बरे वाटते. परंतु असे हातचे राखणाऱ्या वस्तादाबरोबर त्याची विद्याही मातीत जाते, हे आपण विसरतो. जुम्मादादांनी शिष्याची जात पाहून हात आखडता घेतला असता, तर ते एक नामांकित पहिलवान म्हणून होऊन गेले असते. त्यांच्या मागे संस्था उरली नसती.

दुसरी गोष्ट शिष्याची. माणिकराव स्वतः राजमान्य पुरुष होते. संस्थेला स्वतःचे नाव देणे त्यांना सहज शक्य होते. त्यांनी ती 'जुम्मादादा व्यायाम मंदिर' या नावाने चालविली. मुसलमान वस्तादाचे नाव हिंदू शिष्याने दारावर ठेवले आणि त्या नावाखाली पिढ्यान्पिढ्या मुले घाम गाळीत आली.

या आखाड्यात एकाच प्रांताची वा एकाच घरची मुले शिकली नाहीत. माणिकरावांनी सामुदायिक कवायतीसाठी हिंदी आज्ञा तयार केल्या, म्हणजे निरनिराळ्या भाषेची मुले एका ओळीत उभी राहू शकतील. १९०७ ते १९१० या काळात जगन्नाथ गणेश गुणे नावाचा एक विद्यार्थी येथे शिकला. पुढे तेच स्वामी कुवलयानंद झाले आणि १९२४ साली त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम ही संस्था स्थापून योगाचा शास्त्रीय अभ्यास सुरू केला. त्याच बडोद्यात दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी 'व्यायाम ज्ञानकोश' दहा खंडांत मराठीत प्रसिद्ध केला. एका वस्तादाने मोकळ्या हाताने दिले, त्याचा विस्तार कोठवर गेला पाहा.

माणिकरावांची आणखी एक ख्याती होती. ते मोडलेली हाडे बसवीत. तालमीच्या वस्तादाला ही विद्या लागतेच. तिचा अर्थ मला फार उशिरा कळला, आणि तो माझ्या चुकीतून कळला, म्हणून ती चूक येथे सांगतो.

कॉलेजात असताना मी एका तालमीत लाठी शिकत होतो. अंगात रग होती. सुटीत गावी आलो असता क्रिकेटवरून बाचाबाची झाली आणि मी हातातल्या काठीचा एक फटका दिला. समोरच्या मुलाचे मनगट मोडले. तो माझाच लहानपणचा मित्र. घरचे मला रागावले, ते रागावणारच. वस्तादांना कळले तेव्हा ते रागावले नाहीत. त्यांनी माझी काठी काढून घेतली आणि मनगटाचे प्लास्टर निघाल्यावर मला त्या मित्राच्या दारी नेऊन उभे केले. "डॉक्टर सांगतील तसा याचा हात रोज चोळायचा. याने भरलेली घागर उचलली की मग तुझी काठी परत." दीड महिना मी रोज त्याच्या घरी गेलो. पहिले आठ दिवस त्याची आई माझ्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी तिने चहा पुढे केला. ज्या दिवशी त्याने घागर उचलली, त्या दिवशी मला काठी म्हणजे काय ते समजले. ज्याला मोडायला शिकायचे आहे, त्याने बसवायला आधी शिकावे. तेव्हापासून आजवर माझा हात कोणावर उठलेला नाही.

चाचा, तुमच्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. भय काठीचे नसते. भय आडोशाला, अंधारात, शिस्तीवाचून धरलेल्या काठीचे असते. आखाड्याचे दार सताड उघडे असेल, आत सर्वांची मुले असतील आणि कोणीही केव्हाही येऊन बाकावर बसू शकत असेल, तर बघणाऱ्याला खेळच दिसेल. कोल्हापूरच्या तालमी अशाच टिकल्या. बाबूजमाल तालमीत मोहरमचा पंजाही बसतो आणि गणपतीही बसतो. तेथे कोणी कोणाला संशयाने पाहत नाही, कारण लहानपणी सर्वांनी एकाच हौद्यातली माती अंगाला लावलेली असते. उलट आपण आपल्या मुलांना घरात कोंडले, तर त्यांना शेजारच्या मुलांची ओळख होणार नाही आणि शेजारच्यांनाही आपल्या मुलांची ओळख होणार नाही. मग संशय वाढेल, कमी होणार नाही.

म्हणून संचालक मंडळापुढे माझी एक मागणी आहे. चंदगडचा पाऊस आपण जाणता. चार महिने मैदानाचा नुसता चिखल होतो आणि मुलांचा सराव तुटतो. शाळेमागील सभागृह सायंकाळी रिकामे असते. ते भाड्याने देण्याचा विचार चालू असल्याचे मी ऐकतो. संस्थेला पैशाची गरज आहे, हे मला मान्य आहे. तरी रोजचा एक तास आम्हाला द्यावा. काठीला खर्च नाही. आपल्या भागात बांबूला तोटा नाही. माझा वेळ मी विनामूल्य देईन.

नियमही आताच सांगतो. दार उघडे राहील. प्रत्येक मुलाची पालकांच्या सहीनिशी नोंद होईल. कोणत्याही समाजाच्या मुलाला मज्जाव असणार नाही. मुलींसाठी वेगळी वेळ ठेवू आणि त्यांना शिकविण्यासाठी शिक्षिका तयार करू. पहिला महिना जोर-बैठका आणि प्रथमोपचार, काठी त्यानंतर. आणि ज्याचा हात बाहेर उठेल, त्याची काठी परत घेतली जाईल.

विद्यार्थी मित्रहो, मोबाईलवर पाहून हात फिरविणे सोपे आहे. पण मोबाईल तुमची काठी काढून घेत नाही, की तुम्हाला मित्राच्या दारात नेऊन उभे करीत नाही. ते काम वस्तादच करतो. जो तुम्हाला असे करील, त्याचे नाव विसरू नका. उद्या तुमच्यापैकी कोणी आपली शाळा काढील, तेव्हा दारावर कोणाचे नाव लावायचे, याचा विचार त्याने करावा.

चाचांचा मुलगा अजून परत आलेला नाही. त्याची काठी मी शाळेच्या कपाटात ठेवली आहे. चाचा, सभागृह मिळाले तर पहिल्या दिवशी आपण स्वतः यावे आणि तासभर बाकावर बसून पाहावे. नंतर आपण जो निर्णय घ्याल, तो मला मान्य असेल.