किलोभर वजन, वर्षभराचं इंधन

मंडळी, गणपतीसमोर विमानाचं काय बोलायचं, असं दोघा-तिघांनी विचारलंच. पण आपल्याला विमान नवं नाही. ‘सूर्यकिरण’ पथक 1996 साली बिदरच्याच हवाई तळावर उभं राहिलं. आपली पोरं गच्चीवरून ती विमानं मोजत वाढली. 22 नोव्हेंबर 2019 ला गुलबर्ग्याहून बेंगळुरूला पन्नास खुर्च्यांचं प्रवासी विमान सुरू झालं, आणि घराघरांत तक्रारही: सामान दोन किलो जास्त झालं तर पैसे कशाला?

आम्ही पडलो डिप्लोमावाले, म्हणून हिशेबच मांडतो. बैलगाडी थांबली की ओझ्याचा भार जमीन सोसते. विमानाला तो पूर्ण वेळ हवेतच पेलावा लागतो. त्यासाठी पंखांना जास्त उचल लागते, उचलीबरोबर हवेचा अडथळा वाढतो आणि इंजिन जास्त इंधन पितं. ढोबळमानाने एक किलो तासभर न्यायला 30 ग्रॅम. म्हणजे अर्धा कप चहासुद्धा नाही!

आता पन्नास खुर्च्या प्रत्येकी दोन किलोंनी हलक्या करा. 100 किलो वाचले, तासाला 3 किलो इंधन वाचलं. वर्षाला 3000 तास उड्डाण धरलं तर 9000 किलो, म्हणजे अकरा हजार लिटरच्या वर. एका विमानाचं, एका वर्षाचं. आणि विमान वीस-वीस वर्षं उडतं.

अमेरिकन एअरलाइन्सने 2013 मध्ये वैमानिकांच्या कागदी पुस्तकांची सुमारे 16 किलोंची बॅग काढून आयपॅड दिले. वर्षाला साधारण 15 लाख लिटर इंधन वाचेल, असं कंपनीने सांगितलं. त्याच वर्षी मुंबईच्या गोएअरने केबिनमध्ये यापुढे मुलीच घेऊ म्हटलं, कारण त्यांचं वजन कमी! गणित बरोबर असेल, पण वजनावरून कुणाची नोकरी ठरावी हे आम्हाला पटलेलं नाही.

आपल्यासारख्या छोट्या गावांच्या मार्गावर हे हिशेब जास्त टोचतात. फेब्रुवारी 2020 मध्ये सुरू झालेली बिदरची विमानसेवा मध्ये बंदही पडली होती. लेकीसाठी पाच किलो लाडू नेले तर इंधन वाटीभरच. पण पन्नास जणांनी नेले तर तासाला साडेसात किलो.

राखीव इंधनाला मात्र कुणी हात लावत नाही. बेंगळुरूला धुकं असलं तर दुसऱ्या विमानतळापर्यंत जाऊन वर अर्धा तास घिरट्या घालता येतील, एवढं ते लागतंच. ते वजन लाडवांच्या आधी चढतं.