अण्वस्त्रप्रसार आणि बळाचा मार्ग



अण्वस्त्रांचा प्रसार थांबला पाहिजे, याविषयी आपल्यात दुमत नाही. तो कोणत्या मार्गाने थांबेल, हा आजचा प्रश्न आहे. शत्रूचे अण्वस्त्र तयार होण्यापूर्वीच त्याचे कारखाने उद्ध्वस्त करावेत, वाटाघाटींत वेळ दवडू नये, असा युक्तिवाद वारंवार कानी पडतो. एका रात्रीत निकाल लागल्याचे समाधान तो देतो, म्हणून तो लोकांना पटतोही. गेल्या चार दशकांचा अनुभव त्याला दुजोरा देतो काय, हे आपण तपासू या.

७ जून १९८१ रोजी इस्रायली विमानांनी बगदादजवळची ओसिराक अणुभट्टी उद्ध्वस्त केली. इराक अण्वस्त्रप्रसारबंदी करारात सामील होता आणि त्याच्या अणुकार्यावर आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची देखरेख होती. सुरक्षा समितीने हल्ल्याचा एकमताने निषेध केला. पुढे काय घडले? सद्दाम हुसेन यांनी युरेनियम समृद्ध करण्याचे काम गुप्तपणे, अधिक पैसा व अधिक माणसे लावून हाती घेतले. १९९१च्या युद्धात इराकवर सुमारे सहा आठवडे बॉम्बवर्षाव झाला. तरी या कामाचा बराच भाग बॉम्ब टाकणाऱ्यांना ठाऊकच नव्हता. तो उजेडात आणून मोडून काढला तो युद्धानंतर आलेल्या निरीक्षकांनी, कागदपत्रे तपासून आणि यंत्रे मोजून.

पराभवाच्या धाकावाचून सद्दामने निरीक्षकांना दार उघडले असते काय, असे कोणी विचारील. शंका रास्त आहे. १९९१पूर्वी हीच संस्था इराकमध्ये जात होती आणि तिला गुप्त काम दिसले नाही, हेही खरे आहे. तिची पाहणी मुख्यतः सरकारने जाहीर केलेल्या ठिकाणांपुरती होती. परंतु या उणिवेतून धडा घेऊन १९९७मध्ये पुरवणी कराराचा नमुना तयार झाला आणि तो स्वीकारणाऱ्या देशांत अघोषित ठिकाणीही जाण्याची वाट मिळाली. देखरेखीतील चूक अशी सुधारता येते. युद्धातील चुकीचे तसे नसते. मार्च २००३मध्ये संस्थेचे प्रमुख मोहम्मद अल बरादेई यांनी सुरक्षा समितीला सांगितले की इराकने अण्वस्त्रांचे काम पुन्हा सुरू केल्याचा पुरावा आढळलेला नाही. त्याच महिन्यात अमेरिकेने स्वारी केली. ज्यांच्यासाठी युद्ध झाले ते शस्त्रसाठे सापडले नाहीत. युद्धात व त्यामागून आलेल्या हिंसाचारात एक लाखाहून अधिक नागरिक प्राणांस मुकले.

आता इराणकडे पाहा. जुलै २०१५च्या व्हिएन्ना कराराने इराणने समृद्धीकरणाची मर्यादा ३.६७ टक्के आणि साठ्याची मर्यादा ३०० किलो मान्य केली, सुमारे दोन-तृतीयांश सेंट्रिफ्यूज काढून ठेवले. करार पाळला जात असल्याचे संस्था सांगत असताना मे २०१८मध्ये अमेरिकेने तो सोडला व निर्बंध पुन्हा लादले. २०२१मध्ये इराण ६० टक्क्यांपर्यंत गेला. मे २०२५मध्ये असा साठा ४०० किलोंच्या वर होता. जून २०२५मध्ये, वाटाघाटी चालू असतानाच, आधी इस्रायलने व मग अमेरिकेने नतान्झ, फोर्दो, इस्फहान येथे बॉम्ब टाकले. इमारती कोसळल्या, परंतु त्यानंतरच्या महिन्यांत तो साठा कोठे व किती उरला, याची पडताळणी संस्थेला करता आली नाही. जे ग्रॅमपर्यंत मोजले जात होते ते नजरेआड झाले!

लिबियाने २००३मध्ये अण्वस्त्रांचा नाद सोडला. २०११मध्ये नाटोच्या बॉम्बफेकीत गद्दाफींची सत्ता कोसळली. उत्तर कोरियाने याचा अर्थ काय लावला, हे त्याने जाहीरपणे सांगितले आहे. शस्त्र टाकणाऱ्याला अभय नसेल, तर ते टाकील कोण?

१९७०पासून अमलात असलेल्या कराराच्या सहाव्या कलमाने बड्या राष्ट्रांवरही निःशस्त्रीकरणासाठी प्रामाणिक वाटाघाटी करण्याचे बंधन घातले आहे. ते त्यांनी पाळलेले नाही. १९७४ व १९९८मध्ये चाचण्या केलेल्या आणि करारावर सही न केलेल्या देशाचे नागरिक म्हणून आपणही इतरांना उपदेश करताना संकोच बाळगला पाहिजे. तथापि एक मागणी आपण निःसंकोच करू शकतो: निरीक्षकांना काम करू द्या, आणि दिलेला शब्द बलवानांनीही पाळावा. कारखाना पाडला तरी तेथील शास्त्रज्ञांची विद्या आणि राज्यकर्त्यांच्या मनातील भीती शिल्लक राहते. त्या भीतीवर उपाय करण्याचे काम वाटाघाटींच्या मेजावरच करावे लागेल, मग त्याला कितीही वर्षे लागोत.