नळी बंद झाली, पण कशामुळे?

दिवाळी झाली की आपल्या झाडीपट्टीत मंडईचे, म्हणजे गावजत्रांचे, दिवस सुरू होतात. घरोघरी पाहुणे उतरतात, रात्री नाटक असतं, लेकी माहेरी येतात. आणि लग्नाला तीन-चार वर्षं होऊनही कडेवर लेकरू नसलेल्या बाईला नेमके हेच दिवस नकोसे होतात. मावशी विचारते, चुलती विचारते, शेजारची आजी विचारते. विचारणाऱ्यांच्या मनात मायाच असते, पण ऐकणारीला घराबाहेर पडू नये असं वाटू लागतं. मंडई आटोपली की अशा बायका दवाखान्यात येतात. सोबत सासू असते नाहीतर आई; नवरा क्वचित. हातातल्या पिशवीत एक्स-रेचं मोठं पाकीट असतं आणि कागदावर लिहिलेलं असतं : दोन्ही नळ्या बंद.

स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून हा कागद माझ्यापुढे आला की पुढचा प्रश्न मला ठाऊक असतो. ‘मॅडम, नळी उघडते का?’ प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर मी देणार आहे. पण त्याच्याही आधीचा एक प्रश्न असतो, तो जवळजवळ कुणीच विचारत नाही. नळी बंद झाली कशामुळे? जन्मतःच नळी बंद असणं फार विरळ. बहुतेकींची नळी कधीतरी, कशानेतरी बंद झालेली असते. ते कधी आणि कशाने, यावर पुढचे उपचार ठरतात. आणि गावातल्या दुसऱ्या मुलींवर ही वेळ येऊ द्यायची नसेल, तर तेच उत्तर कामी येतं.

गर्भाशयाला आपण पिशवी म्हणतो. पिशवीच्या दोन्ही कोपऱ्यांतून एकेक नळी निघते, साधारण दहा-बारा सेंटीमीटर लांबीची. पिशवीच्या भिंतीतून जाताना तिची आतली वाट एक मिलिमीटरहूनही अरुंद असते. दुसऱ्या टोकाला झालर असते. अंडाशयातून बीज सुटलं की ही झालर ते उचलून आत घेते. बीज जेमतेम एक दिवस टिकतं. त्याची पुरुषबीजाशी गाठ पडते ती या नळीतच, आणि तयार झालेला गर्भ पुढे चार-पाच दिवसांनी पिशवीत पोहोचतो. त्याला पुढे ढकलण्याचं काम नळीच्या अस्तरावरचे सूक्ष्म केस करतात. गावच्या मामा तलावाच्या पाटात गाळ साचला तर फावड्याने काढून पाणी पुन्हा सोडता येतं. नळीचं तसं नाही. ती जिवंत आहे. अस्तर जळालं, केस झडले, तर वाट मोकळी दिसूनही ती नळी काम करीत नाही. म्हणून ‘नळी साफ करून देतो’ असं सांगत पुड्या, चाटण, पोट चोळणं विकणाऱ्यांपासून दूर राहा. योनीमार्गात जडीबुटीची पोटळी ठेवायला सांगणारे तर घातकच. तिथून नवा जंतुसंसर्ग आत जातो.

अर्जुनी मोरगावकडची एक बाई अशीच पाकीट घेऊन आली होती. फिल्म मी खिडकीच्या उजेडात धरली. मधोमध पिशवीचा पांढरा त्रिकोण. उजवीकडे तपासणीत सोडलेल्या औषधाची बारीक रेघ निघून अर्ध्यातच थांबलेली. डावीकडे नळी शेवटपर्यंत गेलेली, पण टोकाशी फुगून गोल झालेली. औषध पोटात सांडायला हवं होतं, ते तिथेच अडकलं होतं. तिला पहिल्यापासून सगळं विचारलं. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी दिवस गेले होते. इतक्या लवकर नको म्हणून घरच्यांनी मेडिकलमधून गोळ्या आणल्या. रक्तस्राव कित्येक दिवस थांबला नाही, मग ताप आला, ओटीपोटात कळा आल्या, अंगावरून घाण वासाचं पांढरं जाऊ लागलं. दवाखान्यात का गेली नाहीस, असं विचारलं तर म्हणाली, ‘रोवणे चालू होते मॅडम. घरी बसून कसं भागते?’ ताप उतरला, धानाची रोवणी आटोपली आणि सगळे विसरून गेले. तिची नळी बंद झाली ती बहुधा त्या पावसाळ्यात. कळलं पाच वर्षांनी.

ही एकटीची गोष्ट नाही. आपल्या गोंदियाला लागूनच असलेल्या गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी केली. त्या दवाखान्यात आलेल्या बायका नव्हत्या, गावातल्या साध्या बायका होत्या. त्यांच्यातल्या ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा एक तरी आजार निघाला. त्यासाठी याआधी कधी तपासणी आणि उपचार झाले होते ते फक्त ८ टक्के जणींना. हा अभ्यास जानेवारी १९८९मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला आणि जगभरच्या आरोग्य खात्यांना कळलं की खेड्यातली बाई म्हणजे केवळ गरोदर बाई नव्हे. गरोदर नसतानाही तिला दुखतं, खुपतं, आणि ती ते कुणाला सांगत नाही. त्यानंतर रस्ते झाले, १०८ ची गाडी आली, घरची बाळंतपणं कमी झाली. पांढऱ्या पाण्याबद्दलचं मौन मात्र फारसं हललेलं नाही, हे मी रोज पाहते.

त्या मौनाची किंमत किती, याचा हिशेब स्वीडनमध्ये लागला. लुंड इथले डॉ. वेस्ट्रॉम यांनी ओटीपोटाच्या जंतुसंसर्गाने आजारी पडलेल्या बायकांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. एकदा संसर्ग झालेल्यांपैकी ८ टक्के जणींना नळीच्या दोषामुळे मूल झालं नाही. दोनदा झालेल्यांत हे प्रमाण १९.५ टक्के होतं, तीनदा किंवा अधिक वेळा झालेल्यांत ४० टक्के. दर वेळी दुपटीहून जास्त! म्हणजे पहिल्याच खेपेला नीट औषध मिळालं तर पुढचं बरंच टळतं. हे औषध महागही नाही. सरकारी रुग्णालयांतल्या ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये वेगवेगळ्या रंगांच्या पाकिटांतून ते मोफत मिळतं. गोळ्यांचा पूर्ण कोर्स संपवायचा, मध्येच सोडायचा नाही. आणि जंतू शरीरसंबंधातून आलेले असतील तर नवऱ्यानेही औषध घ्यायचं. त्याने घेतलं नाही तर तिचं बरं होणं महिनाभराचंच. क्लॅमिडिया नावाचा जंतू तर बहुतेक बायकांमध्ये काही त्रास न देता नळीत मुक्काम करतो, म्हणून थोडं पांढरं, थोडी कळ, संबंधाच्या वेळी दुखणं, यालाही क्षुल्लक समजू नका.

दुसरं कारण क्षयरोग. आपल्या देशात नळ्या बंद होण्यामागे त्याचा वाटा मोठा आहे, आणि सांगितलं तर घरच्यांना पटत नाही, कारण बाईला खोकला नसतो. क्षयाचे जंतू फुप्फुसातून रक्तावाटे नळ्यांपर्यंत जातात. छाती बरी होते, कधी कधी छातीचा आजार झाल्याचं कळतही नाही, आणि नळीत तो धुमसत राहतो. पाळी कमी होत जाते, काहींची बंदच होते. घरात कुणाला टीबी झाला होता का, लहानपणी मानेला गाठी होत्या का, हे डॉक्टर विचारतील तेव्हा लपवू नका. तपासणीसाठी पिशवीच्या अस्तराचा तुकडा घेतात. त्याच्या एकाच रिपोर्टवर भिस्त न ठेवता बाकीच्या खुणांशी तो ताडून पाहावा लागतो. औषधं साधारण सहा महिन्यांची आणि मोफत आहेत, आणि उपचार चालू असताना पोषणासाठी नोव्हेंबर २०२४पासून महिन्याला एक हजार रुपये मिळतात. एक मात्र स्पष्ट सांगते. औषधाने क्षय बरा होतो. नळीचं झालेलं नुकसान बहुधा भरून निघत नाही. म्हणून तो लवकर सापडायला हवा.

बाळंतपणानंतरचा ताप, फुटलेलं अपेंडिक्स, पोटाची जुनी ऑपरेशनं, एंडोमेट्रिऑसिस (पिशवीच्या अस्तरासारखा थर पिशवीबाहेर वाढणं), यांनीही नळ्या चिकटतात. एक लेकरू झाल्यावर दुसरं राहत नाही, अशा बाईला लोक म्हणतात, ‘एक झालं ना, मग दोष कसा?’ पहिल्या बाळंतपणातच संसर्ग झाला असेल, तर दोष तिथूनच सुरू झालेला असतो.

आता ती फिल्म. ती ज्या तपासणीत काढतात, तिला एचएसजी म्हणतात. पाळी थांबल्यावर, ती सुरू झाल्यापासून साधारण सहाव्या ते दहाव्या दिवसादरम्यान ही तपासणी करतात. पिशवीच्या तोंडातून बारीक नळीने औषध सोडतात आणि एक्स-रे घेतात. पाळीत येते तशी कळ काही मिनिटं येते. तासभर आधी वेदनाशामक गोळी घेतली तर सोसते. भीतीने किंवा दुखल्याने नळीच्या कोपऱ्यातला स्नायू आवळला, तर चांगली नळीही बंद दिसू शकते. म्हणून पिशवीच्या अगदी कोपऱ्याशी नळी बंद दिसत असेल, तर एका फिल्मवर आयुष्याचा निर्णय करू नका. पिशवीच्या तोंडातून निळं औषध सोडून ते दुर्बिणीने पोटात प्रत्यक्ष पाहता येतं, आणि तिथे कधी कधी ‘बंद’ नळी मोकळी निघते.

आणि या कशाच्याही आधी नवऱ्याची तपासणी. वीर्याची तपासणी स्वस्त आहे, दुखत नाही, लवकर होते. तरीही बाईची फिल्म होते, दुर्बीण होते, घरात दुसऱ्या लग्नाच्या गोष्टी सुरू होतात, आणि नवऱ्याने एक बाटली भरून दिलेली नसते. याचा मला मनापासून राग येतो. सासूबाईंनो, सुनेला दवाखान्यात आणता तेव्हा लेकालाही घेऊन या.

आता नळी उघडते का, ते पाहू. एक नळी बंद आणि दुसरी चांगली असेल तर दिवस राहू शकतात. वय कमी असेल तर काही महिने वाट पाहणंही योग्य. कोपऱ्याशी अडथळा असेल तर बारीक तार घालून कधी कधी वाट मोकळी करता येते. टोकाशी थोडं चिकटलं असेल तर दुर्बिणीने सोडवता येतं. नळी फुगून पाणी साचलं असेल तर ते पाणी पिशवीत झिरपून गर्भाला बाधतं. अशी नळी टेस्ट ट्यूबच्या उपचाराआधी काढावी किंवा बांधावी लागते. नळी काढायची म्हटलं की बाया रडतात, ‘आता सगळं संपलं’ म्हणतात. उलट, ती काढल्याने गर्भ रुजण्याची शक्यता वाढते. आणि दोन्ही नळ्या खरोखर बंद असतील, तर आययूआय, म्हणजे पिशवीत वीर्य सोडण्याचं इंजेक्शन, करून उपयोग नाही. बीज आणि वीर्य भेटणार कुठे? त्यात धानाचे पैसेही जातात आणि वयाची वर्षंही. पस्तिशीनंतर ही वर्षं परत मिळत नाहीत.

टेस्ट ट्यूब बेबीचा उपचार जन्माला आला तोच बंद नळ्यांसाठी. इंग्लंडमधल्या लेस्ली ब्राउन यांच्या दोन्ही नळ्या बंद होत्या. नऊ वर्षं वाट पाहिल्यावर डॉ. स्टेप्टो आणि एडवर्ड्स यांनी त्यांच्या अंडाशयातून एक बीज काढलं आणि २५ जुलै १९७८ला लुईसचा जन्म झाला. आपल्या मुंबईत, केईएम रुग्णालयात, डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून याच उपचाराने ६ ऑगस्ट १९८६ला हर्षा जन्मली. २०१६मध्ये तिलाही मुलगा झाला, आणि ते बाळंतपण हिंदुजाबाईंनीच केलं. अशा मुलांना निराळं समजणाऱ्यांनी हे ऐकावं.

पण आपल्याकडे हा उपचार म्हणजे बहुधा नागपूरची वारी. गोंदियाहून रेल्वेने १३० किलोमीटर, सालेकसा-देवरीहून त्याहून लांब; इंजेक्शनांसाठी पुन्हा पुन्हा जायचं, मजुरी बुडवायची, एका खेपेचा खर्च लाखाच्या घरात. आणि पहिल्याच खेपेला यश येईलच असं कोणताही प्रामाणिक डॉक्टर सांगणार नाही. गोव्याच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात २०२३पासून हा उपचार मोफत सुरू झाला. गोंदियात बाई गंगाबाई महिला रुग्णालय आहे, २०१६पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. धान कापणाऱ्या, तेंदूपत्ता तोडणाऱ्या बाईला हा उपचार जवळ आणि परवडेल असा मिळावा, ही मागणी गोंदियातून उठायला हवी. मूल हवं असणं ही चैन नव्हे.

शेवटी एक धोक्याची सूचना, नीट ऐका. ज्या बाईची नळी कधी बंद निघाली होती, दुरुस्त झाली होती किंवा ओटीपोटाचा आजार झाला होता, तिला दिवस राहिले तर गर्भ नळीतच अडकण्याची भीती इतरांपेक्षा जास्त असते. पाळी चुकली की घरच्या घरी थांबू नका. लघवीची तपासणी करा आणि डॉक्टर सांगतील त्या आठवड्यात सोनोग्राफी करून गर्भ पिशवीत आहे ना, ते पाहून घ्या. ओटीपोटात एका बाजूला जोराची कळ आली, चक्कर आली, घाम फुटला, खांदा दुखू लागला, तर रात्र असो की पाऊस, सकाळ होण्याची वाट पाहू नका. १०८ला फोन करा आणि आधी नळीचा त्रास होता हे गाडीतल्या डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा. जुनी फिल्म, जुने कागद एका पिशवीत भरून दाराजवळ अडकवून ठेवा, आणि ती पिशवी कुठे आहे हे घरातल्या आणखी एका माणसाला ठाऊक असू द्या.